पंपवाल्या चाचांचं माप

त्यांच्या शेडमध्ये शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. जुन्या हायवेला लागून असलेली पत्र्याची शेड, समोरून दिवसभर कंटेनर धडधडत जातायत, अशा जागी चपला कोण काढतं? मीही पहिल्या दिवशी तशीच आत गेले. आतून आवाज आला, "बाई, पाय बाहेर ठिवा." पाय बाहेर ठेवून आत कसं यायचं, हे मला कळेना. मग दाराशी ओळीत लावलेले बूट दिसले आणि अर्थ लागला.

पांढरी बंडी, पांढरा पायजमा, पांढरी दाढी. ज्या धंद्याचा रंगच मुळी काळा, त्यात हा माणूस आयुष्यभर पांढरं घालून वावरला. बंडीवर डाग पडला की हातातलं काम खाली ठेवून मागच्या खोलीत जात आणि दुसरी घालून येत. मी एकदा विचारलं, निळा डगला का नाही घालत? म्हणाले, "निळ्यावर घान दिसत न्हाई. दिसली न्हाई म्हंजी न्हाई, असं हुतंय का?"

तळेगाव ते वडगाव पट्ट्यात सगळे त्यांना पंपवाले चाचा म्हणत. मूळचे कामशेतच्या आतल्या बाजूच्या एका खेड्यातले. तरुणपणी ट्रकांचे डिझेल पंप दुरुस्त करायचे, म्हणून हे नाव. पुढे ते पेट्रोल गाड्यांच्या इंजेक्टरकडे वळले. इंजेक्टर म्हणजे बोटाएवढी वस्तू. टोकाला केसाहून बारीक भोकं. इंजिनाला लागेल तेवढं पेट्रोल धुक्यासारखं फवारून द्यायचं, एवढंच तिचं काम. टर्बोच्या गाडीत हवा दाबून आत कोंबलेली असते, त्यामुळे पेट्रोलही जास्त लागतं. हौशी लोक टर्बोचा दाब आणखी वाढवून घेतात, मग मूळचे इंजेक्टर पुरे पडत नाहीत, मोठे बसवावे लागतात. ते बसवून देणारी, गाडीचा कॉम्प्युटर नव्याने जुळवून देणारी दुकानं पुण्यामुंबईत भरपूर आहेत. पण बसवण्याआधी चारही इंजेक्टर अगदी सारखं पेट्रोल सोडतात का, हे तपासून घ्यायला जाणकार लोक या पत्र्याच्या शेडमध्ये येत. चपला काढून.

मी आंबीच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. मोजमाप हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. लग्न केलं नाही, आणि त्यासाठी साठलेली सगळी हौस एका जुन्या टर्बो सेडानवर काढली. तिला मोठे इंजेक्टर घालायचे म्हणून चाचांकडे गेले, तर त्यांनी इंजेक्टरकडे बघितलंही नाही. तीन प्रश्न विचारले. ते सगळ्यांनाच विचारत.

"कुटं चालवनार?"

"घर ते आंबी. कधी लोणावळा."

"संगं कोन बसनार?"

"कुणी नाही. मी एकटीच."

"आनी थांबनार कुटं?"

"म्हणजे?"

"आज मोटं इंजेक्टर, उद्या मोटा टर्बो, परवा काय? मानूस थांबायची जागा ठरवून निघत न्हाई, म्हनून दरीत जातो."

मी म्हटलं, एवढं एकदाच, याच्यापुढे नाही. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. तेव्हा त्यांना निरखता येत होतं.

मुंबईचा एक तरुण व्यापारी एकदा नवीकोरी गाडी घेऊन आला होता. मी तेव्हा तिथंच बसले होते. पहिल्या दोन प्रश्नांना त्याने कशीबशी उत्तरं दिली. तिसऱ्याला हसून म्हणाला, "चाचा, मैं रुकता ही नहीं." चाचांनी त्याचे इंजेक्टर पुन्हा स्वच्छ फडक्यात गुंडाळले, त्याच्या हातात दिले आणि म्हणाले, "मंग हितं बी थांबू नका." आवाज न चढवता. पुढच्या मिनिटाला ते दुसऱ्याच कामात होते, आणि तो माणूस एका हातात बूट नि दुसऱ्या हातात फडकं घेऊन उभा होता.

त्यांचा बेंच म्हणजे लाकडी टेबल, त्यावर एका ओळीत चार उभ्या काचेच्या नळ्या, नळ्यांवर बारीक रेघा. इंजेक्टर वर लावायचे, पंप सुरू करायचा, ठरलेल्या वेळाने बंद करायचा. चार नळ्यांत किती किती साचलं ते वाचायचं. दोन रेघांहून जास्त फरक निघाला की चाचा तो इंजेक्टर पुन्हा धुवायला टाकत. दुसऱ्यांदाही तसाच निघाला तर मालकाला सांगत, हा फेका. कितीही महागाचा असो.

"चार भाऊ एका पंगतीला बसवले," ते म्हणत. "तिघांना पोटभर आनी एकाला कमी. मोटार बंद पडत न्हाई. चालत ऱ्हाती. पर ज्याला कमी मिळालं तो आतनं तापत आसतो. आनी एक दिवस घरच जाळतो." हे शब्दशः खरं आहे. ज्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतं तो जास्त तापतो, आणि चढावर, ओझ्याखाली, त्याचा पिस्टन वितळून भोक पडू शकतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पंगतीतून ते पहिल्यांदा समजलं.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. गाडीचा आजार लक्षात राही. माझा एक इंजेक्टर पहिल्या चाचणीत चौऱ्याण्णव रेघांवर अडकला होता, म्हणून मी 'चौऱ्याण्णव'. लोणावळ्याचे एक डॉक्टर 'गळके' होते. त्यांनाही ते ठाऊक होतं आणि ते फोनवर स्वतःहून म्हणत, "चाचा, गळके बोलतोय." फोन शेजारच्या टायरवाल्याचा. चाचांनी स्वतःचा कधी ठेवला नाही.

काम झालं की गाडीत डाव्या बाजूला बसून ते खंडाळ्याचा घाट उतरत आणि तोच चढ चढून परत येत. वेग चाळीसच्या वर न्यायचा नाही, ही अट. ज्या गाडीवर माणसाने वेगासाठी जीव ओवाळून टाकलाय, ती गाडी चाळीसने घाट चढायची आणि मागून एसट्या हॉर्न मारत पुढे जायच्या. चाचा शांत. मध्येच गाडी थांबवायला लावत, बॉनेट उघडत, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून ऐकत. आत टिकटिक चालू असे. चारही ऐकून झाले की म्हणत, "झालं. आता तिला चढ ठाऊक झाला." हे ऐकण्यासाठी लोक नाशिकहून येत.

त्यांना मधुमेह होता. चहात तीन चमचे साखर घेत. मी टोकलं तर म्हणाले, "आत साखर हाय म्हनून बाहेरनं घ्यायची न्हाई, ह्यो कुटला न्याय?" बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. मुलगी कामशेतला दिलेली. ती दर महिन्याला येऊन सांगे, अब्बा, बास करा आता, माझ्याकडं चला. चाचा तिला चहा पाजून परत पाठवत.

शनिवारी मला सुट्टी असते. हळूहळू माझे शनिवार त्या शेडमध्ये जाऊ लागले. कोपऱ्यातलं स्टूल माझं. मी फारसं बोलत नसे, तेही नसत. कारखान्यात दिवसभर माणसं मोजमापावरून एकमेकांशी खोटं बोलताना बघायची. इथे एक माणूस दोन रेघांसाठी गिऱ्हाईक परत पाठवतो, हे बघत बसायला बरं वाटायचं.

म्हणूनच असेल, जे दिसत होतं ते मी बघत नव्हते.

आधी चहा कपाबाहेर सांडू लागला. मग त्यांनी रबरी रिंगा डोळ्यांनी तपासणं सोडलं. रिंग खालच्या ओठावर फिरवत आणि म्हणत, "ही कापलीय." ती कापलेली असेच. मला ते कसब वाटलं. बेंचमागचा दिवा लावणं त्यांनी बंद केलं, म्हणाले डोळ्यावर येतो. नळ्यांतला द्रव स्थिरावायच्या आत ते आकडे बोलू लागले. पंपाच्या आवाजावरून, इंजेक्टरच्या टिकटिकीवरून, इतक्या वर्षांच्या सवयीवरून ते आकडा सांगत होते, आणि बहुतेक वेळा तो बरोबर येत होता.

त्या फेब्रुवारीत मळवलीचा एक तरुण आला. तिशीच्या आतला, अंगाने किरकोळ, बोलताना मान खाली. घरची थोडी भातशेती आणि मुंबईच्या एका शेटच्या बंगल्याची राखण. शेटने हौसेने घेतलेली टर्बो गाडी कंटाळा आल्यावर बंगल्याच्या शेडमध्ये टाकून दिली होती. चार पावसाळे ती तिथे गंजली. मग शेट म्हणाला, तूच घेऊन टाक. या पठ्ठ्याने वर्षभर खपून ती चालू केली. चाचांनी लगेच त्याचं नाव 'गंजका' ठेवलं.

"कुटं चालवनार?"

"मळवली ते लोनावळा. कवातरी खोपोलीला, मामाकडं."

"संगं कोन?"

"आई आस्ती. बहीन आस्ती. आबा गाडीत बसत न्हाईत."

"आनी थांबनार कुटं?"

"मला पळवायची न्हाई, चाचा. शेटनी टर्बो मोटा बसवला आनी इंजेक्टर बारकंच ठिवलं. चढाला आतनं ठकठक ठोकती. मला फकस्त ती नीट चालायला पायजे."

चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत, चौऱ्याण्णव? इतक्या वर्सांत ह्यो पयला मानूस. ह्याला वाढवायचं न्हाई, पुरवायचं हाय." त्या दिवशी ते फार खुशीत होते. त्याने जुन्या बाजारातून मिळवलेले मोठे इंजेक्टर त्यांनी स्वतः धुतले, नव्या रिंगा घातल्या, बेंचवर चढवले. पंप सुरू झाला, बंद झाला. चाचा म्हणाले, "सत्त्याण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव. झ्याक."

मी स्टुलावर होते. तिथून नळ्या तिरक्या दिसत. तिसऱ्या नळीतली पातळी मला खाली वाटली. दोन रेघांनी नव्हे, बरीच खाली. बाजूने बघितलं की पातळी चुकीची दिसते, हे मी कारखान्यात नवीन मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. तेच मी स्वतःला सांगितलं. उठून समोर जायला चार पावलं लागली असती. पण चाचांनी वाचलेलं माप मी पुन्हा वाचायचं, त्यांच्या देखत, गिऱ्हाइकासमोर? मी बसून राहिले. चाचांनी नळ्या रिकाम्या केल्या. गंजका दोन्ही हात जोडून निघून गेला. खंडाळ्याच्या चढावरची चक्कर त्यांनी त्या वेळी केली नाही. हल्ली गाडीत बसलं की डोकं गरगरतं, म्हणाले.

डिसेंबरमध्ये पुण्याच्या एका दुकानातून निरोप आला. चाचांनी तपासून दिलेल्या एका संचात एक इंजेक्टर कमी सोडतोय. चाचा उखडले. आधी दुकानदाराला नावं ठेवली, मग तो संच मागवून घेतला आणि शनिवारची वाट बघत बसले. मी गेले तेव्हा बेंच तयार होता. दिवाही लावलेला होता.

पंप बंद झाल्यावर त्यांनी आकडे सांगितले. चारही सारखे. मग म्हणाले, "बाई, तुमचे डोळे क्वालिटीचे. समोर या आनी वाचा."

मी समोर गेले. "सत्त्याण्णव, एक्क्याण्णव..."

"परत वाचा."

"सत्त्याण्णव, एक्क्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव."

त्यांनी तोंड नळीच्या इतकं जवळ नेलं की काचेवर वाफ धरली. ती बंडीने पुसली, पुन्हा बघितलं. मग बेंचचं बटण बंद केलं आणि माझ्याकडे न वळता विचारलं, "कवापासून?"

त्यांच्या डोळ्यांना काय झालंय हे मला माहीत असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. मी म्हटलं, "मला आजच कळतंय, चाचा."

त्यांनी मान हलवली.

त्या दिवसापासून त्यांनी नवीन काम घेतलं नाही. वर्षभरात कोणकोणाचे इंजेक्टर तपासले, ते त्यांनी आठवून आठवून सांगितलं. ठोका खाणारा, धूर सोडणारा, गळके, तळेगाव स्टेशनचा गरम, असे अकरा. मी टायरवाल्याच्या फोनवरून नंबर शोधून एकेकाला बोलावलं. काय झालं ते चाचा प्रत्येकाला सांगत. "मला दिसत न्हाई. तरी मी मोजलं. परत मोजून घ्या." काही चिडले, काहींना वाईट वाटलं. मी समोर उभी राहून वाचायचे आणि चाचा शेजारी उभे राहून ऐकायचे. दहा गाड्या आल्या. नऊ बरोबर निघाल्या. डॉक्टरांचा एक इंजेक्टर अडकलेला होता, तो बदलला.

अकराव्याचा फोन बंद होता. गंजक्याचा.

"जाऊन येऊ," चाचा म्हणाले. मी म्हटलं, नंबर बदलला असेल, दुसऱ्या कुणाकडून कळवू. ते म्हणाले, "तुमी नेनार न्हाई तर मी लोकलनं जातो." त्यांना स्टेशनचा जिनाही उतरता आला नसता.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. थंडी होती. मळवलीचं फाटक ओलांडून आत गेल्यावर दोन्हीकडे कापलेल्या भाताची खाचरं आणि मधून मधून बंगल्यांच्या भिंती. विचारत विचारत घर सापडलं. ओट्यावर एक साठीचा माणूस विळ्याला धार लावत होता. दारात एक मुलगी कुबडीवर रेलून उभी. आणि घरामागे, चिंचेखाली, निळ्या ताडपत्रीने झाकलेली गाडी. ताडपत्री मागच्या बाजूला आत खचलेली होती.

मी चाचांना सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही. मी गंजक्याबद्दल विचारलं आणि तो माणूस विळा खाली न ठेवता म्हणाला, "त्येचं नाव हितं काडू नका. आईला खाऊन बसलाय त्यो."

तो त्याचा बाप. मुलीने दारातूनच हळू आवाजात सगळं सांगितलं. एप्रिलमध्ये मामाकडून परत येताना, खोपोलीकडून घाट चढत असताना, गाडीतून एकदम धूर आला आणि ती वळणावर जागीच थांबली. मागून आलेल्या ट्रकने ती कठड्यावर दाबली. मागच्या सीटवर आई होती. ती तिथंच गेली. पुढं बसलेल्या हिचा पाय चिरडला. दादाला खरचटलंही नाही.

"पळवत हुता," बाप म्हणाला. "मुंबईच्या लोकांची गाडी. दुसरं काय?"

"आबा, दादा चाळीसवर हुता," मुलगी म्हणाली. तिचं हे फार वेळा म्हणून झालेलं असावं. आवाजात जोर नव्हता.

घाटात रोजच कुणी ना कुणी जातं. ती बातमी मी कदाचित वाचलीही असेन, पान उलटलं असेन.

चाचांनी विचारलं, "गाडी बगू का?"

माझ्या डिकीत प्लग काढायचा पाना होता. ताडपत्री बाजूला करून, वाकलेलं बॉनेट कसंबसं उचलून मी प्रत्येक सिलिंडरचा एकेक स्पार्क प्लग काढला. पहिला, दुसरा आणि चौथा तपकिरी होते, जसे असायला हवेत. तिसऱ्याचं टोक वितळून गेलं होतं आणि त्यावर पिस्टनच्या धातूचे कण चिकटले होते. चाचांनी हात पुढे केला. मी चारही त्यांच्या तळव्यावर ठेवले. त्यांनी एकेकाच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि वितळलेल्यावर थांबले.

"ह्यो तिसरा?"

"तिसरा."

"चाचा," मी हळूच म्हटलं, "इंजेक्टर घेऊन जाऊ. बेंचवर लावून खात्री करू. मग बोलू यांच्याशी. दुसरंही काही कारण असेल."

"खात्री हाय मला," ते म्हणाले. "मला त्या मानसाकडं न्या."

मी नेलं. ओट्याशी उभे राहून त्यांनी आधी सलाम केला, मग बोलले. "भाऊ, तुमच्या पोरानं गाडी पळवली न्हाई. आतनं जळून बंद पडली ती. तिला पेट्रोल सारकं मिळतंय का न्हाई, ते मोजायचं काम माझं हुतं. मी चुकीचं मोजलं. मला दिसत नव्हतं आनी मी कुनाला सांगितलं न्हाई. पोराची चूक न्हाई. माझी हाय. तुमी पोलीस ठान्यात चला, मी संगं येतो. हेच तितं सांगतो."

बापाच्या हातातला विळा गुडघ्यावर तसाच राहिला. मला वाटलं, तो चाचांना मारेल, आणि मी थोडी पुढे सरकले. त्याने चाचांकडे बघितलंच नाही. दारातल्या मुलीकडे बघितलं.

"मी सांगतच हुते," ती म्हणाली.

"आट म्हैनं," तो म्हणाला, "आट म्हैनं बोललो न्हाई मी त्येच्याशी. ताट बी येगळं."

मग विळा ओट्यावर ठेवून तो उठला. घराच्या कडेने मागे गेला. तिकडे गोठा असावा. मग त्याचा आवाज आला, घोगरा, कुणाला तरी लांबून हाक मारल्यासारखा.

"ए पोरा. जेवलास का?"

मुलगी कुबडी सावरत आत निघून गेली. ओट्याशी आम्ही दोघंच उरलो. आम्हाला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पोलीस ठाण्याचं विचारायला आता तिथे कुणी नव्हतं. थोड्या वेळाने मी चाचांचा दंड धरला आणि त्यांना गाडीत बसवलं. तळेगावपर्यंत वितळलेला प्लग त्यांच्या मुठीत होता. मी तो मागितला नाही.

दोन दिवसांनी ते टायरवाल्याला घेऊन वडगावच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, ट्रकवाल्यावर केस चालू आहे असं सांगितलं आणि त्यांना घरी पाठवलं. मळवलीहून कुणी आलं नाही, तक्रार झाली नाही. चाचांनी नळ्या उतरवल्या, बेंच मोडून भंगारात दिला. आख्खा विकत घ्यायला दोघंजण आले होते. दिला नाही. चाचांची मुलगी येऊन त्यांना कामशेतला घेऊन गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मागचा पडदा गेलाय, वर्षभर आधी आला असतात तर काही करता आलं असतं.

माझी गाडी अजून आहे. घर ते आंबी, आंबी ते घर. टर्बोचा दाब दाखवणारा काटा हलायच्या आत पाय आपोआप वर येतो.

कामशेतला मी मधून मधून जाते. घर बाजारपेठेच्या मागे, पहिल्या मजल्यावर. चाचा खिडकीशी खुर्चीत असतात. कपडे अजून पांढरेच, पण आता मुलगी बघते डाग पडलाय का. चहात साखर नसते, आणि त्यांची त्याबद्दल तक्रार नसते. मला ते हल्ली चौऱ्याण्णव म्हणत नाहीत. बाई म्हणतात. सुरुवातीला मी त्यांना कोणती गाडी नवीन आली वगैरे सांगायचे. ते ऐकून घेत. मग मी सांगणं सोडलं. आम्ही नुसते बसतो.

मागच्या महिन्यात असेच बसलो होतो. मुलगी बाजारात गेली होती. चाचा म्हणाले, "बाई, गंजक्याचा संच बेंचवर हुता, त्या दिशी तुमी स्टुलावर हुता."

"हो."

"स्टुलावरनं नळ्या दिसायच्या."

"तिरक्या दिसायच्या, चाचा. बाजूनं."

"तिरक्या का व्हईना."

खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. मी तो आवाज थांबायची वाट बघितली. थांबला. चाचांचा चेहरा माझ्याकडे होता, जिथे मी बसलेय त्याच्या जरासा डावीकडे.

"तिसरी मला खाली दिसली होती," मी म्हटलं.

त्यांनी नुसता हुंकार दिला.

"मंग बोलला का न्हाई?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

चाचांनी त्यावर विचार केला. खरोखरच विचार केला, ते कसं वाटलं असतं ते आठवून बघावं तसा.

"व्हय," ते म्हणाले. "लय वाईट वाटलं असतं."